आगगाडीच्या प्रतिकृतीत चिखल हवा

शाळाशाळांतून भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनात आगगाडीची प्रतिकृती हटकून असते. पुठ्ठ्याचे किंवा फोमचे डोंगर, त्यांवर हिरवागार रंग, चकचकीत निळ्या कागदाची नदी, टुमदार स्टेशन आणि या सर्वांमधून गोल गोल फिरणारी चार डब्यांची गाडी. सिग्नलचे दिवे लागतात, फाटक वरखाली होते आणि पाहुणे कौतुकाने मान डोलावतात. सारे कसे स्वच्छ आणि नीटनेटके! पण जरा निरखून पाहिले तर या प्रतिकृतीत एक गोष्ट कोठेच आढळत नाही. ती म्हणजे चिखल. जणू त्या मुलखात पाऊस पडतच नाही, फाटकातून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जातच नाहीत आणि डोंगरावरून वाहून आलेली माती आपोआप नाहीशी होते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सरळ सांगतो. आगगाडीच्या प्रतिकृतीत चिखल हवा. तो शोभेसाठी नको. तो नसला तर ती प्रतिकृती रेल्वेविषयी अर्धेच खरे सांगते, म्हणून हवा. शिवाय चिखल हुबेहूब करायला जेवढे पदार्थविज्ञान लागते, तेवढे सिग्नलचे दिवे पेटवायला लागत नाही.

रेल्वेचा जुना शत्रू

रुळांखाली खडी का पसरतात, हे कधी विचारले आहे का? खडीची दोन मुख्य कामे आहेत. गाडीचा भार रुळांवरून स्लीपरवर आणि स्लीपरवरून खडीवर येतो. खडी तो मोठ्या क्षेत्रफळावर पसरवते, त्यामुळे खालच्या मातीवरचा दाब कमी होतो. दुसरे काम पाण्याला वाट देण्याचे. दगडांमधल्या पोकळ्यांतून पाणी झटकन निघून जाते आणि माती कोरडी राहते.

आता या पोकळ्यांत बारीक माती शिरली तर काय होईल? पाणी अडून राहील आणि खालची जमीन मऊ होईल. गाडीचे प्रत्येक चाक स्लीपर दाबते, चाक पुढे गेले की स्लीपर वर येतो. या दाबण्या-सोडण्याने खालचा पातळ चिखल पिचकारीतून यावा तसा वर खडीत ढकलला जातो. मग पाणी आणखी अडते आणि आणखी चिखल वर येतो. असा रोग एकदा लागला, की रूळ त्या जागी खचू लागतात. खडी काढून चाळून पुन्हा भरणे, हाच त्यावर उपाय. देशावरच्या काळ्या मातीत ही अडचण अधिकच असते, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते.

कोकण रेल्वेची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. १९९८ साली हा मार्ग पूर्ण खुला झाला. तो बांधताना कठीण कातळ फोडण्यापेक्षा मऊ, पाणथळ मातीतून बोगदे काढणे अधिक जिकिरीचे ठरले. गोव्यातला पेडण्याचा बोगदा हा त्यांपैकीच एक. त्याच बोगद्यात जुलै २०२४ मध्ये पाणी आणि चिखल आत आल्यामुळे गाड्या रद्द कराव्या लागल्या, काही दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. त्याआधी २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर कोसळलेल्या दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसे दगावली. म्हणूनच या मार्गावर पावसाळ्यात गाड्यांचे वेगळे वेळापत्रक असते, वेग कमी ठेवतात आणि रात्रंदिवस गस्त घालतात. कोकण रेल्वेची प्रतिकृती करायची आणि तिच्यात लाल चिखलाचा एक ओघळही दाखवायचा नाही, हे मला माणसाचे चित्र काढताना डोळे वगळण्यासारखे वाटते.

शेतकऱ्याचे शब्द, शास्त्रज्ञाच्या मर्यादा

चिखल म्हणजे माती अधिक पाणी, इतके म्हणून भागत नाही. आपल्या भाषेकडे पाहा. पाणी फार असेल तर ते नुसते गढूळ पाणी. थोडे दाट झाले की राड किंवा रेंदा. त्याहून घट्ट तो चिखल. भिंत बांधायला मळून ठेवतात तो गारा. पाणी आणखी कमी झाले, की रान वाफशावर आले म्हणतात, म्हणजे औत धरायला योग्य झाले. पुढे ढेकळे आणि शेवटी धूळ. पदार्थ तोच, फक्त पाण्याचे प्रमाण बदलले की त्याचे वागणे बदलते, हे आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टिपून ठेवले आहे.

हीच गोष्ट स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट ॲटरबर्ग यांनी १९११ च्या सुमारास मोजमापात बसवली. माती कोणत्या आर्द्रतेला द्रवासारखी वाहू लागते, कोणत्या आर्द्रतेपर्यंत तिला हवा तसा आकार देता येतो आणि कोणत्या आर्द्रतेनंतर ती आणखी आकसत नाही, अशा मर्यादा त्यांनी ठरवल्या. आजही धरण, रस्ता किंवा रेल्वेचा भराव बांधण्यापूर्वी मातीची ही तपासणी होते. तिच्यातला एक भाग तुम्ही घरी करू शकता. ओल्या मातीची वळी तळहाताने काचेवर वळत जा. वळी ३ मिलिमीटर जाडीची होताच जर ती तुटू लागली, तर त्या क्षणी माती आकार घेण्याच्या खालच्या मर्यादेवर आहे असे समजावे. वाळूमिश्रित मातीची अशी वळी होतच नाही, चिकणमातीची सहज होते.

प्रतिकृतीत चिखल करण्यापूर्वी प्रश्न हा विचारायचा, की आपल्याला यांपैकी कोणता चिखल दाखवायचा आहे? आषाढातला की दिवाळीनंतरचा?

लहान करताना सारेच लहान होत नाही

प्रतिकृतीचे एक प्रमाण ठरलेले असते. जगभर लोकप्रिय असलेल्या प्रमाणांत १:८७ हे एक आहे. या प्रमाणात आपल्या ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटर अंतराचे १९.३ मिलिमीटर होतात. विकत मिळणारे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे असतात, कारण ते १४३५ मिलिमीटर अंतराच्या परदेशी रुळांवरून बेतलेले आहेत. पुण्यात कोथरूडला लघुरेल्वेचे संग्रहालय आहे, तेथे गेलात तर रुळांमधील अंतरावर जरूर लक्ष ठेवा.

आता खडी घेऊ. आपल्या रेल्वेच्या खडीतला मोठा दगड साधारण ६५ मिलिमीटरचा, तर लहान २० मिलिमीटरचा. त्यांना ८७ ने भागा. उत्तर येते पाऊण मिलिमीटर आणि पाव मिलिमीटरहून किंचित कमी. म्हणजे प्रतिकृतीतली खडी ही प्रत्यक्षात चाळलेली वाळू असते. बहुतेक प्रतिकृतींत रुळांखाली जे बांधकामाच्या खडीचे तुकडे टाकलेले असतात, ते या हिशेबाने अर्ध्या मीटरच्या शिळा होतात!

मग चिखलातले कण केवढे हवेत? येथे एक गमतीचा हिशेब आहे. आपल्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोन वेगळा ओळखता येत नाही. ३० सेंटिमीटरवरून पाहताना हा कोन सुमारे ०.०९ मिलिमीटर लांबीइतका होतो. प्रतिकृती ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरी रेल्वे २६ मीटरवरून पाहणे. तेवढ्या अंतरावरून साडेसात मिलिमीटरहून बारीक काही वेगळे दिसतच नाही. म्हणून आपल्या मातीचे कण ०.०९ मिलिमीटरहून बारीक असले की पुरे. मलमलीच्या कापडातून गाळलेली माती या कामाला येते. तिचे कण आणखी ८७ पट बारीक करण्याचे कारण नाही, कारण डोळ्याला फरक कळणार नाही. काय लहान करावे आणि काय तसेच ठेवावे, हे येथे डोळ्याचे पदार्थविज्ञान ठरवते.

पाण्याची गोष्ट याच्या उलट. डबके दाखवायचे म्हणून पुष्कळजण प्रतिकृतीवर खरे पाणी ओततात आणि ते खोटे दिसते. का? पृष्ठताणामुळे पाण्याची कड गोलसर होते. पृष्ठताण आणि गुरुत्वाकर्षण यांची झुंज जेथे बरोबरीत सुटते ती लांबी पाण्यासाठी सुमारे २.७ मिलिमीटर आहे. प्रतिकृती कितीही लहान करा, ही लांबी बदलत नाही. १:८७ च्या जगात ती २३ सेंटिमीटर भासते. म्हणजे तुमच्या इवल्याशा गावकऱ्याच्या पोटरीपर्यंत येणारा, फुगीर कडेचा पाण्याचा थेंब! खऱ्या डबक्याची खोली पाच सेंटिमीटर धरली, तर प्रतिकृतीत ती ०.६ मिलिमीटरच हवी आणि इतक्या पातळ थरात पाणी पाहिजे तसे पसरत नाही. एका जागी गोळा होते, नाहीतर मातीत शोषले जाते.

आकार बदलला की सगळ्या गोष्टी सारख्या प्रमाणात बदलत नाहीत, हे गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचा प्रारंभ १९१६ सालचा. तेथे नद्या, धरणे आणि बंदरे यांच्या प्रतिकृतींतून खरे पाणी सोडून अभ्यास करतात. अशा कामात प्रतिकृतीतील पाण्याचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी धरावा लागतो, १:८७ साठी सुमारे ९.३ पट. कित्येकदा उभे माप आडव्या मापापेक्षा मुद्दाम मोठे घेतात. नदीचा गाळ दाखवायला वाळूऐवजी कोळशाच्या भुकटीसारखे हलके पदार्थ वापरण्याची पद्धतही या शास्त्रात आहे. अभियंते असे बदल करतात तेव्हा त्याला कोणी लबाडी म्हणत नाही, कारण प्रत्येक बदलामागचे कारण ते सांगू शकतात.

यावरून दिसते, की प्रतिकृती दोन प्रकारच्या असतात. एक दिसण्यात खरी, दुसरी वागण्यात खरी. एकच प्रतिकृती दोन्ही बाबतींत पूर्ण खरी क्वचितच असते. आपली कोणत्या प्रकारची आहे, हे करणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

ओले काळे का दिसते?

दिसण्यात खरा चिखल करायचा तर ओली माती काळपट का दिसते ते समजले पाहिजे. पाणी तर रंगहीन आहे! स्वीडनच्याच अँडर्स आंगस्ट्रॉम यांनी १९२५ साली याचे कारण मांडले. मातीवर पाण्याचा पातळ थर असला, की मातीने सर्व दिशांना विखुरलेला प्रकाश त्या थरातून बाहेर पडू पाहतो. त्यातला जो भाग पृष्ठभागावर ४८.६ अंशांहून अधिक कोनात येतो, त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन तो पुन्हा मातीकडे वळतो. मातीला तो शोषण्याची आणखी एक संधी मिळते. बाहेर येणारा प्रकाश कमी झाला, म्हणून माती गडद दिसली.

आता व्हार्निशचा अपवर्तनांक सुमारे १.५ आहे, पाण्याचा १.३३. त्यामुळे व्हार्निशच्या थरातही हेच घडते, उलट थोडे अधिकच. वाळल्यावरही थर जागेवर राहतो, म्हणून व्हार्निश लावलेली माती कायम ओली दिसते. गुळगुळीत पृष्ठभागामुळे आकाशाचे प्रतिबिंबही त्यात चमकते. व्हार्निशने डबके दिसावे यात जादू नाही, त्याचे प्रकाशाशी वागणे पाण्यासारखे आहे.

करून पाहा

१. आपल्या परिसरातली माती घ्या. कुटून आधी चाळणीतून चाळा, मग मलमलीतून गाळा. वरची वाळू खडीसाठी ठेवा, खालची भुकटी चिखलासाठी.

२. माती जुन्या तव्यावर मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली चांगली तापवा. तिच्यातले किडे आणि बुरशी मरतील.

३. पातळ कागदात गुंडाळलेला लोहचुंबक मातीतून फिरवा. आपल्या दख्खनच्या बसाल्ट खडकात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजे असतात, त्यांचे काळे कण कागदाला चिकटतील. ते काढून टाका, नाहीतर इंजिनाच्या मोटरमधील चुंबक ते ओढून घेईल आणि इंजिन बंद पडेल. ही चाचणी एकट्यानेच एक स्वतंत्र प्रयोग आहे.

४. एक भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणद्रवाचा एक थेंब असे मिश्रण करा. साबणाने पृष्ठताण कमी होतो आणि मिश्रण मातीत नीट झिरपते. त्यात भुकटी कालवून हवा तो दाटपणा आणा. फेव्हिकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो, पण कणांमधल्या पोकळ्या भरून टाकतो, म्हणून माती मूळ रंगापेक्षा गडद दिसते. वर सांगितलेला नियम येथेही लागू आहे. तेव्हा माती थोडी फिकी निवडा.

५. चिखल सगळीकडे सारखा फासू नका. पाणी उतारावरून कसे येईल याचा विचार करा. भरावाच्या पायथ्याशी, मोरीच्या तोंडाशी, फाटकाच्या दोन्ही बाजूंना आणि मालधक्क्यापाशी तो साचतो. ओघळाच्या तोंडाशी जाड कण आधी बसतात, बारीक पुढे जातात, तेव्हा थरही तसेच द्या. चाकोरी सहा सेंटिमीटर रुंद धरली तर प्रतिकृतीत ती पाऊण मिलिमीटरहून कमी हवी. डब्यांवर उडालेले शिंतोडे अर्ध्या मीटरपर्यंत, म्हणजे प्रतिकृतीत सहा मिलिमीटरपर्यंत पुरेत.

६. डबक्यासाठी व्हार्निशचे तीन-चार अगदी पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. हे काम मोकळ्या हवेत, शिक्षकांसमोर आणि आगीपासून दूर करा.

७. रुळांचा माथा मात्र लख्ख पुसा. गाडीला वीज रुळांतून मिळते आणि फेव्हिकॉल हा विद्युतरोधक आहे.

उन्हाळ्यातली भेगाळलेली जमीन हवी असेल तर फेव्हिकॉल घालू नका. तीन ताटल्यांत चिकणमातीचे एक, तीन आणि सहा मिलिमीटर जाडीचे थर द्या आणि सावलीत वाळवा. भेगांमुळे पडलेल्या तुकड्यांची सरासरी रुंदी मोजा. थर जितका पातळ, तितके तुकडे लहान. येथे निसर्ग आपल्या बाजूचा आहे. पाण्याने जे नाकारले, ते भेगांनी आपणहून दिले.

परीक्षकांना आणि शिक्षकांना

यावर कोणी म्हणेल, की हा सारा खटाटोप कशासाठी? मुलांनी विजेचे मंडल करावे, स्वयंचलित फाटक करावे, ते अधिक वैज्ञानिक नाही का? मंडल जरूर करावे. पण आज तयार मंडलाचे संच बाजारात मिळतात, त्यांच्या तारा जोडल्या की दिवा लागतो. चिखलाचा संच घेतला तरी तो कोठे, किती आणि का लावायचा हे पाकिटावर लिहिलेले नसते. त्यासाठी पावसात उभे राहून पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. एका तालुका प्रदर्शनात मी परीक्षक होतो. तेथे लाल मातीचा घाट करून आणलेल्या एका प्रतिकृतीवर माझ्या सहपरीक्षकांचा शेरा पडला: ‘मळकट, नेटकेपणा नाही.’ बक्षीस गेले ते शहरातून विकत आणलेल्या, चकाकत्या प्रतिकृतीला. त्या घाटात प्रत्येक मोरी जागच्या जागी होती, आणि ती का तेथे आहे हे मुले सांगत होती. चकाकत्या प्रतिकृतीत डोंगराचे पाणी थेट स्टेशनात शिरले असते. आपण नेटकेपणाला गुण दिले आणि निरीक्षणाला शून्य. अशाने मुले शिकतात काय? विज्ञान म्हणजे स्वच्छ, महाग आणि दुकानातून आणायची वस्तू. ज्या मुलांनी जन्मापासून चिखल तुडवला, राडीत आणि वाफशात फरक करायला जी आजोबांबरोबर शिकली, त्यांना आपण सांगतो की तुमच्याजवळचे ज्ञान हे ज्ञान नव्हे. हे नुकसान एका बक्षिसाचे नाही. उद्या रस्ते, पूल आणि वसाहती बांधणारी माणसे याच मुलांतून यायची आहेत. पाणी कोठे जाणार हा प्रश्न ज्यांना शाळेत कोणी विचारला नाही, ती मोठेपणी नकाशावर गटार काढायला विसरली तर दोष कोणाचा?

म्हणून परीक्षकांना माझी सूचना अशी, की कोणत्याही प्रतिकृतीसमोर तीन प्रश्न विचारावेत. तुमचे प्रमाण काय? कोणती गोष्ट तुम्ही प्रमाणाबाहेर ठेवली आणि का? आणि येथे दोन तास मुसळधार पाऊस पडला तर पाणी कोठे जाईल? या तीन प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या गटाची प्रतिकृती पुठ्ठ्याची असो की मातीची, पहिला क्रमांक तिचा. खर्च किती झाला, याला एकही गुण नको.

शिक्षकांनाही विनंती आहे. पृष्ठताण, पूर्ण आंतरिक परावर्तन, दाब, घनता ही सगळी प्रकरणे पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असतात. चिखलाच्या एका ताटलीत ती एकत्र भेटतात. वर्षातून दोन तासिका या ताटलीला द्याव्यात.

आणि विद्यार्थीमित्रांनो, तुम्ही येत्या पावसाळ्यात एक वही घेऊन गावातल्या फाटकाजवळ किंवा रेल्वे-पुलाखालच्या रस्त्याच्या कडेला उभे राहा. रुळांवर मात्र पाऊल टाकू नका. ते धोक्याचे आहे आणि कायद्याने गुन्हाही आहे. पाणी कोठून येते, कोठे साचते, माती कोणत्या रंगाची आहे, कोठे चमकते आणि कोठे नाही, हे लिहून काढा. चार रेघांचे का होईना, चित्र काढा. प्रतिकृतीचे काम त्या वहीपासून सुरू होते. फेव्हिकॉलची बाटली नंतर उघडली तरी चालेल.